तूप फेसताना

आज पहाटे पाचला उठले ती तुपासाठी. ऑक्टोबरचा उन्हाळा अजून पुण्यातून गेलेला नाही. सकाळचे नऊ वाजले की बरणीतलं साजूक तूप कडेनं सुटायला लागतं आणि दुपारपर्यंत पार पातळ होतं. नानकटाईला असं तूप चालत नाही. ते थिजलेलं हवं, पण दगड नको. बोट रुतेल इतकं मऊ आणि परातीत ठेवलं तर आपल्या जागी बसून राहील इतकं घट्ट. ही अवस्था या दिवसांत पहाटेच मिळते. मिरजेला आई याच वेळी उठायची. अभ्यंगस्नानासारखं दिवाळीचं सगळंच पहाटे करायचं असतं, असं मला लहानपणी वाटायचं. तुपाचं कारण पुढे कळलं.

उद्या वसुबारस. मुलगा, सून आणि नात परवा येतील. चिवडा झालाय, शंकरपाळे झालेत, चकलीची भाजणी दळून आणलीय. आजचा दिवस नानकटाईचा. १५० ग्रॅम तूप, १३० ग्रॅम पिठीसाखर, आणि मैदा, बेसन, बारीक रवा मिळून २५० ग्रॅम. त्यात मैदा सर्वांत जास्त, बेसन त्याच्या पाव हिश्शानं आणि रवा मूठभर. वर चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड. एवढं झालं की दोन पत्रे भरतात. दोनानं कुणाचंच पोट भरत नाही, म्हणून मी सगळं चौपट घेते.

आता परातीपुढे बसलेय. तळहाताच्या गादीनं तूप आणि साखर परातीला घासायची, पुढे ढकलायची, परत ओढून घ्यायची. घरात विजेवरचं फेसणं आहे, केकला मी तेच वापरते. नानकटाईचं तूप मात्र हातानंच फेसते, कारण तूप किती ऊब धरतंय हे हाताला कळतं. जास्त ऊब लागली की ते हातातच वितळतं आणि मग बिस्किटं पत्र्यावर पसरून पापड होतात. साखरेचे कण तुपात घासले जाताना हवेचे अगदी बारीक बुडबुडे आत अडकत जातात, म्हणून पिवळसर तूप हळूहळू पांढरं आणि हलकं होतं. पुढे आचेवर हीच हवा आणि सोड्याचा वायू फुगतो. तोवर वरचं आवरण सुकलेलं असतं, ते तडकतं, आणि नानकटाईच्या माथ्यावर भेगा उमटतात. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तुपानं लपेटलेल्या मैद्याला कणकेसारखा चिवटपणा धरता येत नाही, त्यामुळे घास दाताखाली मोडतो आणि जिभेवर विरतो. तूपही साधारण आपल्या अंगाच्या उबेलाच वितळतं.

हे सारं मी पुस्तकांतून शिकले. आईजवळ एकच खूण होती आणि ती आवाजाची होती. सुरुवातीला परात करकरते, साखर पितळेला ओरखडे काढतेय असं वाटतं. मग तो आवाज ओलसर होतो. मग इतका बारीक होतो की ऐकायला मान वाकवावी लागते. आई म्हणायची, "परात बोलायची थांबली की आपण थांबायचं." अर्धा तास लागतो, कधी पाऊण. फेसताना तिला घाई झालेली मी पाहिली नाही, आणि तिला घाई करायला कारणं पुष्कळ होती.

फराळातले बाकीचे सारे पदार्थ आमच्या स्वयंपाकघरात जन्मायचे आणि तिथेच डब्यात जायचे. चकली, करंजी, शेव, अनारसे, सगळं कढईत. आपल्या चुलीला आच खालून देता येते, स्टोव्हलाही तसंच. चारी बाजूंनी कोरडी, संथ आच हवी तर ती आमच्या घरांत नव्हतीच. पातेल्याच्या झाकणावर निखारे रचून काही बायका केक करायच्या, पण चार किलो नानकटाया त्यावर कधी होणार? म्हणून नानकटाई हा एकच पदार्थ घराबाहेर जायचा. दिवाळीच्या आधी तीन-चार दिवस पेठेच्या टोकाच्या बेकरीत लोक आपापलं पीठ घेऊन रांग लावायचे. सायकलच्या कॅरियरला बांधलेली परात, वर ओलं फडकं, हातात रिकामा पत्र्याचा डबा. भाजणावळ किलोवर ठरलेली.

ती भट्टी मला अजून दिसते. विटांची, आतून घुमटासारखी, तोंड बुटकं. आधी आत लाकडं जाळून विटा तापवायच्या, मग निखारे आणि राख बाहेर ओढायची. कडक आचेला पहिल्यांदा पाव. पाव निघाले, उष्णता थोडी उतरली की खारी. आणि आणखी उतरली की आमच्या घरोघरच्या नानकटाया. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर काळेकुट्ट पत्रे आत सरकायचे. कोणता पत्रा पुढे, कोणता भिंतीलगत, केव्हा फिरवायचा, हे सगळं भट्टीवाले चाचा आत हात घालून चामडीनं ओळखायचे. तिथे काटा नव्हता, घड्याळ होतं ते बंद पडलेलं. आई घाईत असली की ते म्हणायचे, "वैनी, आच उतरू द्या. आत्ता घातलं तर वरनं करपतंय, आत कच्चं ऱ्हातंय." दिवाळीच्या त्या रात्री ते झोपत नसत. त्यांचा सण वेगळा होता, आणि आमच्या सणाची जागरणं तेच करायचे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आई मला फराळाचं ताट घेऊन त्यांच्या घरी पाठवायची आणि रमजान ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा. मिरजेत दर्ग्याजवळच्या गल्लीत सतारी-तंबोरे घडवणारी घरं आहेत, पिढ्यान् पिढ्या. चाचांच्या हाताकडे बघताना मला नेहमी ती माणसं आठवायची. तीही भोपळ्यावर टिचकी मारून आतलं ओळखत.

पत्रे सगळ्यांचे एकत्र आत जायचे, त्यामुळे कुणाचं काय ते कळण्यासाठी खुणा लागत. कागदाच्या चिठ्ठ्या करपून जायच्या. म्हणून जी ती बाई बिस्किटावरच आपली खूण उठवायची. कुणी मधोमध चारोळी दाबायचं, कुणी काटेचमच्यानं रेघा ओढायचं, कुणी बाटलीच्या बुचाचा गोल उठवायचं. आईजवळ शिवणकामाचं पितळी अंगुस्तान होतं. त्याच्या टोकावरच्या बारीक खळग्यांचा ठसा ती प्रत्येक नानकटाईवर हलकेच उमटवायची. भाजून आल्यावर तो ठसा मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसायचा. कोपऱ्यावरच्या मामी सुरीनं एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा मारायच्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझी जिवाची मैत्रीण.

१९७४ सालची दिवाळी. बहात्तरच्या दुष्काळातून महाराष्ट्र नुकता सावरत होता. साखर रेशनवर, सणाला थोडी जास्त मिळायची तीच जपून वापरायची. मी अकरा वर्षांची. भट्टीवरून डबा घेऊन मीच आले. आईनं झाकण काढलं आणि थांबली. आत अंगुस्तानाचे ठसे नव्हते, छेदणाऱ्या रेघा होत्या. गर्दीत चुकून डबे बदलले होते. माझ्या धाकट्या भावानं तेवढ्यात एक तोंडात घातली. "कडक आहे गं," तो म्हणाला, "पांढरी पण आहे." आईनं एक उचलली आणि मोडली. कट् असा आवाज आला. तिनं तुकडा तोंडात धरून ठेवला, बराच वेळ.

तुपाशिवाय नानकटाई कशी लागते हे तिला त्या तुकड्यात कळलं. तूप अगदी नव्हतं असं नाही. जेवढं असायला हवं त्याच्या निम्मंही नव्हतं, आणि कमी पडलं तिथे थोडं दूध घालून पीठ सांधलं होतं. म्हणून ती पोळीसारखी चिवट होऊन वाळली होती. मामींच्या घरची नोकरी सहा महिन्यांपूर्वी सुटली होती, हे पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं. मामींनी ते कळू दिलं नव्हतं. लुगडी नेटकी, दारात रांगोळी ठिपक्यांची, मुलीच्या वेणीत रिबीन. मी रोज तिच्याबरोबर शाळेत जात होते आणि मलाही काही दिसलं नव्हतं.

आई डबा घेऊन निघाली, मी मागे. मामींच्या दारात मैत्रिणीचा लहान भाऊ बसला होता. त्याच्या हातात आमची नानकटाई होती, ओठांवर पिठूळ कण. "काकू, या वर्षी इतक्या मऊ झाल्यात!" तो म्हणाला. मामी आतून आल्या. त्यांनी आईच्या हातातला डबा पाहिला, मुलाच्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. दोघींनाही सगळं समजलं होतं. अकरा वर्षांच्या मलासुद्धा दारातली ती शांतता जड वाटली.

आईनं डबा पुढे केला. "तुमच्या किती सारख्या भाजल्यात," ती म्हणाली. "माझ्या दर वर्षी कडेला लाल होतात. चाचांना सांगायला हवं, माझा पत्रा तुमच्याशेजारी लावा म्हणून."

खोटं ती फार क्वचित बोलायची.

पुढच्या दिवाळीला आठ दिवस असताना आईचं मनगट दुखायला लागलं. ती मामींकडे गेली. "यंदा मला फेसवेल असं वाटत नाही," म्हणाली. "तुम्ही येता का? दोघींचं एकाच परातीत फेसू. सामान दोन्हीकडचं एकत्र करू, मग पीठ निम्मं निम्मं." मामी पहाटे आल्या. पदरात पिठीसाखरेचा पुडा होता, रेशनच्या साखरेतून दोन महिने बाजूला काढलेली साखर, घरी वस्त्रगाळ केलेली. तूप आमच्याकडचं. दोघी समोरासमोर बसल्या, परात मध्ये. मामींचा हात काय सुरेख चालायचा! आईचा हात सरळ रेषेत पुढे-मागे जायचा. मामी तळहात गोल फिरवत कडेचं तूप मध्ये आणायच्या, त्यामुळे परातीत एक कणही न फेसलेला राहत नसे. आमच्या नानकटाईला खरा हलकेपणा त्या वर्षापासून आला हे मी अगदी मनापासून सांगते. आज मी फेसतेय ती मामींची पद्धत.

मनगटाचं दुखणं पुढची नऊ वर्षं दर दिवाळीला उठत राहिलं. मामींच्या घरची गाडी मधल्या काळात रुळावर आली, तूप त्यांच्याकडूनही येऊ लागलं, तरी ते थांबलं नाही. आम्ही दोघी मैत्रिणी चौकटीला टेकून बघत असायचो. आधी बघायला म्हणून, मग गोळे वळायला, मग आमचाही हात परातीत जाऊ लागला.

लग्न होऊन मी पुण्याला आले, १९८५ साली. रुखवतात ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणात काचेची खिडकी असलेला. त्या काळी तो घरोघर होता. त्याची आच खालून कडक आणि वरून मऊ. चार वेळा करपल्या, पाचव्या वेळी जमल्या. तेव्हापासून नानकटाई घराबाहेर गेलेली नाही. हल्लीच्या ओव्हनला काटा आहे, १६५ अंशांवर लावला की वीस मिनिटांत काम होतं. मला त्याचं कौतुक आहे. लाकडाच्या धुरात उभं आयुष्य काढलेल्या माणसाचा खोकला मी ऐकलेला आहे, म्हणून भट्टीच्या वासाचे गोडवे गाताना माझी जीभ अडखळते. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं तिथल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. ती बातमी वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. भट्टीपुढे उभ्या असणाऱ्याची छाती त्या वासापेक्षा मोलाची.

पण एक गोष्ट घरातल्या ओव्हनमुळे हातची गेली, आणि तिची चुटपुट मला दर दिवाळीला लागते. माझा डबा आता कुणाशी बदलला जाऊ शकत नाही. माझ्या मजल्यावर चार घरं आहेत. दिवाळीत ताटं येतात-जातात, वर क्रोशाचा रुमाल. ताटात जाणारं प्रत्येक जण निवडून ठेवतं, फुटकी चकली घरासाठी आणि अख्खी शेजारी. कुणाच्या घरात काय कमी पडलंय हे ताटातून कधीच कळत नाही. ते कळलं होतं चुकीच्या डब्यातून. आपलं पीठ परक्याच्या आचेत ठेवावं लागत होतं, म्हणून ती चूक होऊ शकली.

माझी मैत्रीण लग्नानंतर बडोद्याला गेली. सयाजीरावांच्या त्या शहरात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे तिची भाषा टिकली, फक्त डाळीत गूळ वाढला. नानकटाईचं मूळ तिला तिकडे सापडलं. एकदा येताना ती सुरतेहून नानकटायांचं खोकं घेऊन आली. सुरतेत सांगतात ती हकीकत अशी. तिथे डचांची वखार होती. वखारीतल्या लोकांसाठी पाव भाजणारी भट्टी त्यांच्या माघारी पारशी दोटीवाला घराण्याकडे आली. पावात ताडी असते म्हणून गावातले पुष्कळ लोक तो खात नसत. तेव्हा ताडी काढून, अंडं काढून, साध्या पिठा-तुपाची बिस्किटं निघाली आणि ती सगळ्यांच्या घरात गेली. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी. 'खटाई'चा उगम कुणी एक सांगतं, कुणी दुसरा. ते खोकं उघडून आम्ही दोघींनी आधी नानकटाई मोडून कानाशी नेली. तिचा आवाज आला नाही, नुसती विरली. "फेसलंय नीट," मैत्रीण म्हणाली, जणू परीक्षेचा पेपर तपासत होती.

आणखी एक आठवतं. आमच्या खालच्या मजल्यावर मडगावचं एक कुटुंब राहायला आलं. त्यांच्याकडून पहिल्या नाताळाला कुस्वाराचं ताट आलं. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं, आणि एका कोपऱ्यात बोलिन्हा, म्हणजे रवा, ओलं खोबरं आणि अंड्याच्या बलकाची सोनेरी बिस्किटं. प्रत्येकीच्या माथ्यावर काट्यानं ओढलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. ताट हातात घेऊन मी दारातच उभी राहिले. गोव्याच्या त्या बाईंना वाटलं, मला अंडं चालत नसावं. त्यांना कसं सांगणार, की या रेघा मी मिरजेच्या एका डब्यात पाहिल्या होत्या, अकरा वर्षांची असताना!

आता पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली. खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल थांबली. तूप पांढरं व्हायला लागलंय. माझा दंड भरून आलाय, आईचा येत असेल तसाच. ओट्यावर तिचं अंगुस्तान धुऊन ठेवलंय. त्याची कड एका बाजूनं चेपलीय, त्यामुळे ठसा थोडा लांबट उठतो. शेजारी सुरी. एका पत्र्यावर ठसे उमटवते, दुसऱ्यावर रेघा मारते. मागच्या वर्षी नातीनं विचारलं, "आजी, दोन डिझाइन्स का?" मी सांगितलं, एक पणजीची आणि एक मामींची. तिनं पुढे काही विचारलं नाही. दोन्हींतली एकेक उचलून घेऊन गेली. ती यंदा नऊ वर्षांची आहे. अकरा झाली की डब्याची गोष्ट तिला सांगेन असं ठरवलंय.

फोन वाजला. बडोद्याहून. आई गेली त्या वर्षापासून हा आमचा नेम आहे, आज सोळा वर्षं झाली. वसुबारसेच्या आदल्या पहाटे तीही तिथे परातीपुढे बसते, आणि जिचं आधी होईल ती दुसरीला फोन करते. तिचं नेहमी आधी होतं. हात तिच्या आईचा आहे.

तुपानं माखलेल्या बोटानं मी फोन उघडला आणि परातीशेजारी जमिनीवर ठेवला.

"झालं का गं?"

"झालंच म्हणायचं," मी म्हटलं. "पांढरं झालंय."

"रंग नको सांगूस. फेस, मी ऐकते."

मी तळहात गोल फिरवला, कडेचं तूप मध्ये आणलं, पुन्हा फिरवला. पलीकडे ती काही बोलली नाही. बडोद्यातल्या तिच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"नाही," ती म्हणाली. "अजून बोलतेय. फेस आणखी थोडं."